न झालेली उत्तरचाचणी

हिरेगुड्डीच्या जिल्हा परिषद शाळेत शैलजा बिराजदार मुख्याध्यापिका म्हणून परत आल्या तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि ते बिनबोभाट निघावेत एवढीच त्यांची इच्छा होती. छत्तीस वर्षांची नोकरी, डझनभर गावं आणि दुखरे गुडघे एवढा पसारा घेऊन बाई आल्या होत्या. उमेदीची काही वर्षं याच शाळेत गेल्यामुळे गाव त्यांना नवं नव्हतं. त्यांच्या खोलीतली एक चौकट तेवढी नवी होती.

चौकटीत ‘सांगड’चं मानपत्र होतं. ‘तत्काळ दुरुस्ती पद्धत. मूळ पुरावा: श्रीमती शैलजा बिराजदार, हिरेगुड्डी.’ येणारा-जाणारा ते मोठ्यानं वाचायचा आणि बाईंकडे कौतुकानं बघायचा. बाईंनी पहिल्याच आठवड्यात टेबल फिरवून घेतलं आणि चौकट पाठीमागे येईल अशी खुर्ची मांडली. हा त्यांचा विनय आहे असं सगळ्यांनी मानलं, आणि बाईंनी ते मानू दिलं.

‘सांगड’ राज्यात येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिच्या मागची कल्पना चांगली होती, हे तिच्या शत्रूंनाही कबूल होतं. शिक्षणातलं संशोधन विद्यापीठात पडून राहतं आणि मास्तर आपल्या अनुभवानं शिकवत राहतात, दोघांची गाठ पडत नाही, ही तक्रार फार जुनी. म्हणून ‘सांगड’ या संगणकी यंत्रणेला राज्यातल्या शिक्षकांनी तीस-चाळीस वर्षांत लिहिलेले सगळे कृतिसंशोधन अहवाल वाचायला दिले. कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गावर केलेला छोटा प्रयोग. आधी पूर्वचाचणी घ्यायची, मग काही आठवडे नवा उपाय करायचा, शेवटी उत्तरचाचणी घ्यायची आणि फरक मांडायचा. असे लाखो अहवाल कार्यालयांच्या कपाटांत धूळ खात होते. सांगडनं ते पचवले, आणि मग ती प्रत्येक वर्गाला विचारू लागली: तुमची मुलं किती, कोणत्या वयाची, घरी कोणती भाषा बोलतात? तुमच्यासारखाच वर्ग पूर्वी कुणी सुधारला होता, तो कसा, हे ती शोधायची आणि तो उपाय त्या वर्गाला लावून द्यायची.

दोन नियम तिला घालून दिले होते. वर्ग जितका सारखा, तितका त्या प्रयोगाचा शब्द मोठा. आणि ज्या प्रयोगात मुलांची प्रगती एकसारखी दिसते, एक मूल आभाळात आणि दुसरं पाताळात असं होत नाही, तिथे योगायोगाला वाव कमी, म्हणून त्याचं वजन जास्त. दोन्ही नियम शहाणपणाचे होते. घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशा सीमेवरच्या तिसरीच्या वर्गासाठी सांगडनं सगळा ढीग उपसला तेव्हा तिच्या हाती एकच अहवाल लागला. तो शैलजाबाईंचा होता, आणि त्यातली तेवीसच्या तेवीस मुलं जवळजवळ सारख्याच पावलांनी पुढे गेली होती.

मूल प्रकट वाचन करताना चुकलं की क्षणाचाही विलंब न लावता दुरुस्त करावं, असा त्या अहवालाचा सांगावा होता. शिक्षकाला तीस मुलांमागे एकाच वेळी कसं धावता येणार? म्हणून मुलांच्या कानात हरभऱ्याएवढी बोंडी आली. मूल वाचतं, अडखळतं, अर्ध्या सेकंदात बोंडीत ‘टिक्’ होतं आणि बरोबर शब्द ऐकू येतो. सीमेवरच्या तीनशे शाळांत ही बोंडी चार वर्षं टिकटिकत होती.

श्रावणातल्या एका सोमवारी शिवलीला शाळेत आली. तिची मुलगी निंगव्वा तिसरीत होती. आजीचं नाव ठेवलेली, वर्गातल्या सगळ्यांत किरकोळ अंगाची पोर. शिवलीला पदर सावरत दारात उभी राहिली आणि बाईंनी बस म्हटल्यावरही बसली नाही.

“बाई, पोरगी बोलंनाशी झालीया,” ती म्हणाली. “शाळंत न्हाई, घरात बी न्हाई. कन्नड बोलती, पर ते बी हळू, आन् बोलायच्या आदी कानाला हात लावून बघती.”

बाईंनी नेहमीचं सांगितलं. सुरुवातीला काही मुलं बुजतात, घरी वाचून घ्या, आईनं जवळ बसावं.

“मला कुठलं वाचाय येतंय,” शिवलीला सहज म्हणाली. “तुमच्याच हाताखाली हुते की मी तिसरीला. आठवत नसंल तुमास्नी. आमी लई दिवस नव्हतोच शाळंत.”

बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना. त्यांनी तिला बघते म्हणून सांगितलं, चहा विचारला, आणि ती गेल्यावर बराच वेळ हजेरीपटाची पानं उगाच चाळत बसल्या.

तिसरीचा वर्ग ईश्वरी माने या नव्या शिक्षिकेकडे होता. वय सत्तावीस, नोकरीचं तिसरं वर्ष, आणि शिकवणं ही गंभीरपणे घ्यायची गोष्ट आहे अशी तिची अजून ठाम समजूत. त्याच आठवड्यात ती मधल्या सुट्टीत एक वही घेऊन बाईंकडे आली. दार लोटून घेतलं, आणि आपण एक चूक केली आहे असं म्हणाली.

चूक अशी होती की गेले पाच आठवडे वाचनाच्या तासाला ती नऊ मुलांच्या कानांतली बोंडी काढून ठेवत होती. मूल अडलं की ती काही बोलायची नाही. मनातल्या मनात आकडे मोजत थांबायची. त्याचं कारण तिनं वहीत आकृती काढून समजावलं. अडखळत वाचणारं मूल वाक्याचा पहिला तुकडा डोक्यात धरून पुढचा शब्द जुळवत असतं. ही धरून ठेवण्याची जागा फार लहान असते, चार-पाच गोष्टी मावतील एवढीच. त्यात घरची भाषा निराळी असली की मूल ‘विहीर’ वाचतं, मनात ‘बावि’ म्हणतं, अर्थ लागला की परत मराठीत येतं. या जाण्यायेण्याला तीन-चार सेकंद लागतात. त्या आत कुणी बाहेरून शब्द सांगितला की हातातलं सगळं सांडतं, आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. असं दिवसातून चाळीस वेळा झालं की ते सुरुवात करणंच सोडून देतं. तिच्या नऊ मुलांनी दर दहा चुकांपैकी सात चुका स्वतःच, तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला, दुरुस्त केल्या होत्या. निंगव्वानं पाचव्या आठवड्यात एक अख्खं वाक्य वाचलं होतं. त्याला तिला अकरा सेकंद लागले.

हे सगळं सांगून झाल्यावर ईश्वरीनं वही मिटली. आता ती विजयानं बघेल असं बाईंना वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले होते.

“मॅडम, पण माझी नऊच मुलं आहेत, आणि पाचच आठवडे. तुमची तेवीस होती. तुमचा अहवाल मी सात-आठ वेळा वाचलाय. तुम्ही दुरुस्त करत होता तेव्हा मुलं पुढे जात होती, आणि मी केलं की गप्प होतात. म्हणजे माझं काहीतरी चुकतंय. तुमचा आवाज कसा असायचा, तुम्ही नेमकं काय म्हणायचात, ते मला शिकवाल का? आणि तेव्हाचे पेपर असतील तर बघायचेत मला.”

पेपर वाळवीनं खाल्ले, असं शैलजाबाई म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ईश्वरीनं मान डोलावली, खूप हळहळली, आणि मॅडमचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागून वर्गावर गेली.

वाळवीनं काही खाल्लं नव्हतं. शाळा सुटल्यावर बाईंनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. तळाच्या कप्प्यात, जुन्या प्रगतिपत्रकांखाली, निळ्या कव्हरातली त्यांच्या अहवालाची स्थळप्रत सुखरूप होती. पूर्वचाचणीचे पेपरही होते, तेवीस. उत्तरचाचणीच्या पेपरांचा गठ्ठा नव्हता, कारण तो कधी बांधलाच गेला नव्हता.

चोवीस वर्षांपूर्वी वरिष्ठ श्रेणीच्या प्रशिक्षणासाठी प्रत्येकाला एक कृतिसंशोधन द्यायचं होतं. शैलजाबाईंनी ते मनापासून सुरू केलं होतं, हेही खरं. पूर्वचाचणी घेतली, बारा दिवस मुलांच्या चुका दुरुस्त केल्या. मग निवडणुकीचं काम लागलं, मग मतदार याद्या, मग कसलं तरी सर्वेक्षण. सादर करण्याला दोन दिवस उरले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एका जुन्या सहकाऱ्यानं चहाच्या घोटाबरोबर धडा दिला: चाळीस टक्के वाढ दाखवा, जास्त दाखवली की विचारतात, आणि गुण फार मागेपुढे नको, मार्गदर्शक तिथेच बोट ठेवतात. सगळेच असं करत. कुणी मागच्या वर्षीच्या अहवालात शाळेचं नाव बदलून तोच देत. बाईंनी निदान आपला विषय तरी आपला घेतला होता. चाचणी वीस गुणांची होती. त्यांनी प्रत्येक मुलापुढे सात, आठ किंवा नऊ गुण वाढवून लिहिले, आणि तासाभरात उत्तरचाचणी झाली. खोटे आकडे बेताबेतानं लिहिले होते म्हणून ते एकसारखे आले, आणि एकसारखे आले म्हणून सांगडनं त्यांना सगळ्यांत खरं मानलं.

बाईंनी शेवटचं परिशिष्ट उघडलं. अठरावं नाव शिवलीलाचं होतं. पूर्वचाचणी चार, उत्तरचाचणी बारा. अहवालात प्रयोगाचे म्हणून दाखवलेल्या आठ आठवड्यांत शिवलीला गावातच नव्हती. तिचे आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर गेले होते, पोरीला बरोबर घेऊन, आणि ती त्या वर्षी परत वर्गात बसलीच नाही. कागदावर मात्र ती तिप्पट चांगली वाचू लागली होती. त्या एका आकड्याच्या जोरावर आज तिच्या लेकीच्या कानात टिकटिक चालली होती. बाईंना इतकी लाज वाटली की रिकाम्या खोलीतही त्यांनी पदर तोंडावर घेतला.

लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं नाही. बाईंनी अहवाल होता तिथे ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. चौदा महिन्यांतले पाच गेले होते, नऊ राहिले होते.

पण बोंड्या काढल्याची नोंद सांगडमध्ये आपोआप होत होती. पंधरा दिवसांत विस्तार अधिकारी पुजारी साहेबांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, फक्त वरून आलेलं खाली पोचवण्यात त्याची हयात गेली होती. ईश्वरी माने यांनी अप्रमाणित पद्धत वापरल्याबद्दल त्यांचा लेखी खुलासा घ्यावा आणि त्यावर मुख्याध्यापकांचा अभिप्राय द्यावा, असं त्यांनी सांगितलं. अभिप्राय प्रतिकूल असेल तर तिची कायम होण्याची फाइल थांबणार होती. दुसरं, निंगव्वाचं नाव मंदवाचक यादीत आलं होतं. तिला दिवाळीनंतर तालुक्याच्या आधार वर्गात, वसतिगृहात पाठवायचं होतं. तिथेही बाईंची सही हवी होती. तिसरी बातमी आनंदाची होती. या महिन्याची शिक्षण परिषद हिरेगुड्डीतच भरणार होती आणि केंद्रातल्या चाळीस शिक्षकांपुढे बाईंनी आपली पद्धत मांडायची होती.

ईश्वरीचा खुलासा दुसऱ्या दिवशी टेबलावर आला. तिनं सांगडला दोष दिला नव्हता, बाईंना तर नाहीच. ‘माझ्या अध्यापनकौशल्यात त्रुटी असल्याने प्रमाणित पद्धतीचे परिणाम माझ्या वर्गात दिसले नाहीत. याची मी जबाबदारी घेते,’ असं वळणदार अक्षरात लिहून खाली सही केली होती. बाईंनी तो कागद दोनदा वाचला. छत्तीस वर्षांत त्यांनी जबाबदारी हा शब्द शेकडो अहवालांत लिहिला होता, आणि तो खरोखर घेतलेला पहिल्यांदाच पाहिला, तोही जिची चूक नव्हती तिनं.

परिषदेच्या दिवशी सकाळी बाई न विचारता तिसरीच्या वर्गात जाऊन बसल्या. वाचनाचा तास होता, आणि पुजारी साहेबांच्या फोननंतर बोंड्या पुन्हा सगळ्यांच्या कानांत होत्या. निंगव्वा उभी राहिली. तिनं पुस्तक धरलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, तोंड उघडलं. टिक्. तिनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. टिक्. मग ती तशीच उभी राहिली, बोट शब्दावर आणि नजर जमिनीवर, मार खाणाऱ्या मुलासारखी. ईश्वरी फळ्याकडे तोंड करून उभी होती. बाईंना वर्गात थांबवेना.

दुपारी मोठ्या खोलीत चाळीस शिक्षक जमले. पुजारी साहेबांनी बाईंचा परिचय जरा लांबवलाच. संशोधन आणि वर्ग यांच्यातली दरी आपल्या केंद्रातल्या एका साध्या शिक्षिकेनं बुजवली, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. ईश्वरी शेवटच्या बाकावर होती आणि तीही मनापासून टाळ्या वाजवत होती.

शैलजाबाई उठल्या. त्यांच्या हातात निळं कव्हर होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

“उत्तरचाचणी झाली नाही,” त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. पुजारी साहेब हसऱ्या चेहऱ्यानं पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.

“माझ्या या अहवालातली उत्तरचाचणी मी घेतलीच नाही. बारा दिवस काम केलं, मग निवडणुकीचं काम लागलं. गुण मी बसून लिहिले. यात बारा गुण मिळालेली एक मुलगी तेव्हा गावातसुद्धा नव्हती. तिला आजही वाचता येत नाही. माने मॅडमनं काही चुकीचं केलं नाही. तिच्या वहीत नऊ मुलं आहेत, पण ती खरी आहेत. माझ्या तेवीसांत एकही खरं नाही.”

बाईंना वाटलं होतं की निदान एक जण तरी संतापेल. कुणी संतापलं नाही. चाळीसपैकी निम्म्याहून अधिक माना खाली गेल्या होत्या. त्या माना बाईंसाठी खाली गेलेल्या नाहीत, हे त्यांना तिथे उभ्याउभ्या समजलं. ज्याचे त्याचे निळ्या, हिरव्या कव्हरांतले अहवाल ज्याला त्याला आठवत होते.

पुजारी साहेब हलक्या आवाजात म्हणाले, मॅडम, बसा, आपण हे आत बोलू. बाई बसल्या नाहीत. भिंतीवरच्या पडद्यावर सांगड चालू होती. त्यांनी आपली ओळख देऊन आपला अहवाल उघडला आणि ‘लेखकाकडून मागे’ हा पर्याय निवडला. सांगडनं कारण विचारलं. बाईंनी लिहिलं: माहिती खोटी आहे.

यंत्रणेला लाज-शरम नसते, त्यामुळे तिला वेळही लागत नाही. पडद्यावर क्षणभर चक्र फिरलं. सीमेवरच्या तीनशे शाळांच्या चौकोनातलं ‘तत्काळ दुरुस्ती’ पुसलं गेलं आणि त्या जागी एक ओळ आली: ‘या प्रकारच्या वर्गासाठी कोणताही पुरावा उपलब्ध नाही.’

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. गेल्या चोवीस वर्षांत या मुलांवर दुसरा प्रयोग का झाला नाही, याचं उत्तर त्यांना माहीत होतं. दोन-तीन तरुण शिक्षकांनी हाच विषय मागितला होता, आणि तो होऊन गेला आहे, बिराजदार मॅडमनी केला आहे, असं सांगून प्रस्ताव तपासणाऱ्या समितीनं तो परत पाठवला होता. एके वर्षी त्या समितीवर त्या स्वतः होत्या.

चौकशी लागली, ती लागणारच होती. चौकट उतरवली गेली आणि भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला. बाईंचं मुख्याध्यापकपद निकाल लागेपर्यंत दुसऱ्याकडे गेलं. निंगव्वाचं मंदवाचक यादीतलं नाव मात्र रद्द झालं, कारण ज्या पद्धतीवर ती मंदवाचक ठरली होती ती पद्धतच उरली नव्हती. शिवलीलाकडे बाई स्वतः गेल्या आणि तिला सगळं सांगितलं. शिवलीलानं ऐकून घेतलं. बारा गुणांचं तिला विशेष काही वाटलं नाही. तुमी मला तवा पास केलं हुतं व्हय, एवढंच तिनं विचारलं, आणि बाईंना मान वर करता आली नाही.

ईश्वरी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. बाईंनीही आग्रह केला नाही. माझ्याच अध्यापनात खोट आहे असं मानून तिनं जे आठवडे काढले होते, ते परत देता येणार नव्हते.

सोळाव्या दिवशी ती आपणहून आली. सीमेवरच्या वर्गांसाठी तिनं नवा प्रयोग मांडला होता: मूल अडलं की पाच सेकंद थांबायचं. अठ्ठावीस मुलं, सोळा आठवडे, आणि तिला कन्नड समजणारं दुसरं माणूस लागत होतं. बाईंना कन्नड येत होतं, माहेरचंच होतं. मी येते, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सतरंजी घातली. मध्ये निंगव्वा, एका बाजूला ईश्वरी, दुसऱ्या बाजूला शैलजाबाई. त्या पूर्वचाचणीचा तक्ता घेऊन, पेन्सिलीला टोक काढून, चष्मा पुसून तयार होत्या. ईश्वरीनं हात पुढे करून तक्ता त्यांच्या मांडीवरून उचलला आणि आपल्याकडे घेतला. तिनं ते रागानं केलं नाही. वर्गात मुलाच्या हातून काचेची वस्तू काढून घ्यावी तसं केलं.

“मॅडम, आकडे मी लिहिते,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त ऐका.”

शैलजाबाईंचे कान तापले. त्यांनी पेन्सिल सतरंजीवर ठेवली आणि हात मांडीत घेतले. निंगव्वानं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि ती अडली. एक झालं, दोन झालं, तीन झालं. पुढचा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला, आणि त्या ऐकत राहिल्या.